हमीदाबाईंचं पान

हमीदाबाई गेल्याचा फोन आला, त्या दुपारी मी सर्वांत आधी काय केलं असेल तर त्यांचा फोटो शोधायला बसलो. श्रद्धांजली लिहायची होती आणि फोटोशिवाय श्रद्धांजली कोणी वाचत नाही, हे ज्ञान मला त्या जगप्रसिद्ध साईटवर बरीच वर्षं घालवल्यामुळे झालेलं होतं. तिथं त्यांचं नाव टाकलं. एक ब्युटी पार्लर निघालं, एक कराचीची विद्यार्थिनी निघाली आणि गुलाबाच्या फुलाआड लपलेल्या काही हमीदा निघाल्या. महाडची टायपिंगवाली हमीदा नव्हती. घाईत माझा अंगठा कुठंतरी भलतीकडे पडला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्या ब्युटी पार्लरनं माझी मैत्री स्वीकारली.

माझे तिथं इतके मित्र आहेत की त्यांतल्या निम्म्यांना मी रस्त्यात ओळखणार नाही. जिच्या टेबलासमोर आयुष्यातल्या बहुतेक संध्याकाळी काढल्या ती बाई मात्र तिथं नाही. असणार नव्हतीच. मला ते माहीत होतं, तरी मी शोधलं. हा माझा स्वभाव आहे आणि बाईंना तो चांगला ठाऊक होता.

तेव्हा फोटो नाही. शब्दांवरच भागवावं लागणार आणि माझ्या शब्दांबद्दल बाईंचं मत फारसं चांगलं नव्हतं.

महाडच्या बाजारपेठेत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खाली त्यांच्या पुतण्याचं, आसिफचं, मोबाईलचं दुकान आणि वर लाकडी जिन्यानं गेलं की बाईंची खोली. सावित्री नदीचं पाणी अधूनमधून बाजारपेठेत येतं, म्हणून यंत्रं वर आणि माणसं खाली, अशी त्या इमारतीची रीत होती. बाई अंगानं लहानखुऱ्या. डोक्यावरची ओढणी दोन टाचण्यांनी पक्की केलेली, चष्म्याच्या काचा जाड. नवरा कुवेतला, दोन वर्षांतून एकदा येणारा. शिकणाऱ्या मुलींच्या हातांवर त्या एक फडकं टाकत, बोटं दिसू नयेत म्हणून. "बोटांना वाट माहीत असते," म्हणत. "डोळे उगाच मधे मधे करतात." बोलणं संपवायचं असलं की त्या "पूर्णविराम" असं तोंडानं म्हणत. भांडण असो, भाजीवाल्याशी घासाघीस असो, पूर्णविराम म्हटलं की तो विषय संपला. समोरचा पुढे बोलत राहिला तर त्या टाईप करायला लागत आणि त्या खडखडाटात कोणाचं काही ऐकू येत नसे.

मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवायचो आणि कथा लिहायचो. छापून येत नसत. पण संपादकाकडे हस्ताक्षरात पाठवलं म्हणूनच ते परत येतं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि टायपिंगसाठी बाईंकडे गेलो. टाईप केलेलंही परत येऊ लागलं, तेव्हा खरं कारण काय असावं हे बाईंना माझ्याआधी कळलं.

"सर," एकदा त्या पानं हातात देताना म्हणाल्या, "तुमचा तो नायक तिसऱ्या पानावर ताटावर बसलाय. अकराव्या पानापर्यंत जेवला नाय अजून."

"तो विचार करतोय, बाई."

"आमटी गार झाली असंल."

त्यानंतर मी नायकांना जेवायला बसवणंच सोडलं. ते उभ्यानं विचार करू लागले. कथा तरीही परत आल्या.

इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आले आणि वर्षभरात बाईंनी वेबपान काढलं. एका परदेशी कंपनीनं कोणालाही फुकट दिलेली जागा होती, तिच्यावर. पानाचं नाव 'महाड-पोलादपूर: आजची खबर'. कोणीही, कुठूनही उघडावं आणि वाचावं. ते दिसायला अगदी साधं होतं. पांढऱ्या जमिनीवर काळी अक्षरं, आणि डोक्यावर कंपनीनं आपणहून लावलेली वजन उतरवायच्या गोळ्यांची जाहिरात. मजकुराचा क्रम ठरलेला असे. सर्वांत वर पाणी, म्हणजे सावित्री कुठवर आली. मग घाट: कशेडी चालू, वरंध चालू, आंबेनळीत दरड. मग मयत. मग लग्नं. मग बाकीचं. महाडची निम्मी माणसं आखातात आणि डोंगरातल्या वाड्यांची निम्मी मुंबईत. त्यांना घरची खबर कळावी म्हणून हे पान, असं सगळे समजत होते, मीही समजत होतो.

बाकीच्यात काय येईल याचा नेम नसे. एकदा डोंगरातल्या कुडपणहून धोंडीबा नावाचे गृहस्थ आले. बाजाराला आले होते, डोक्यावर रिकामी पाटी. त्यांचा मुलगा मुंबईत एका कुरियरच्या ऑफिसात होता आणि तिथं त्याला हे पान दिसतं, असं ते म्हणाले.

"लिव, बाय," धोंडीबा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. "म्हस व्यायली. पारडी झाली. गनपतीला ये."

"मामा, हे साऱ्या जगाला दिसंल हां."

"दिसूं दे की. पारडी झाली, काय चोरी केली?"

बाईंनी तसंच्या तसं लावलं. मी कपाळाला हात लावला. ज्या माध्यमानं जगाचं ज्ञान आपल्या दारात येणार असं मी नुकतंच एका व्याख्यानात सांगून आलो होतो, त्याच्यावर कुडपणच्या म्हशीचं बाळंतपण. आठ दिवसांनी मस्कतहून कोणा महाडकराची मेल आली: पारडीचं नाव काय ठेवलं? माझ्या व्याख्यानाबद्दल कुठूनही काही आलं नाही.

मी तेव्हा गावातल्या तीन साहित्यसंस्थांचा सचिव होतो. तिन्हींचे सभासद जवळपास तेच होते. सचिवाला नोंदणीशिवाय चैन पडत नाही. मी बाईंना सुचवलं की पानाला सभासद नोंदणी ठेवावी. नाव, गाव, हल्लीचा मुक्काम असं भरलं की मग आत प्रवेश. म्हणजे वाचकवर्ग कोण आहे ते कळेल, शिस्त येईल.

एका मुलीच्या हातावरचं फडकं बाईंनी सारखं केलं. मग म्हणाल्या, "नाव विचारलं तर तो दारातनंच परत जाईल, सर."

"कोण?"

"कादर. माझा भाऊ."

ही गोष्ट गावाला माहीत होती. मी बाहेरचा असल्यामुळे मला माहीत नव्हती. बाईंचं माहेर पोलादपूरचं. वडिलांचा ट्रक होता. थोरला कादर चालवायचा आणि धाकटा गफार हौसेनं बाजूला बसायचा. महाबळेश्वरहून बटाटा भरून येताना आंबेनळीत ट्रक उलटला. गफार गेला आणि कादरला खरचटलंसुद्धा नाही. घरात माणसं बसलेली असताना सगळ्यांसमोर बाप त्याला म्हणाला, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." असं रागात लेकाला कोण बाप म्हणत नाही. संध्याकाळपर्यंत विसरायचं वाक्य ते. कादरनं ते पाळलं. त्याच रात्री मुंबईला गेला, तिथून आखातात. पत्र नाही, फोन नाही. गावचा कोणीतरी एकदा त्याला दम्मामला मशिदीबाहेर भेटला होता. बरा आहे, एवढंच कादर म्हणाला, आणि घरी सांगू नका म्हणाला.

"अब्बा म्हणाले तोंड दाखवू नको," बाई म्हणाल्या. "बघू नको असं नाय म्हणाले."

म्हणून ते पान. कुठल्याही कॉम्प्युटरवर बसावं, कोण कुठला न सांगता घर बघून घ्यावं, आणि उठून जावं. तो बघतो की नाही, हे कळायचा कसलाच मार्ग नव्हता. मार्ग ठेवला असता तर तो आला नसता. मी नोंदणीचा विषय सोडला. त्या महिन्यात एका संस्थेच्या सचिवपदाचाही राजीनामा दिला, पण त्याचं कारण वेगळं होतं. त्यांनी माझी कथा नाकारली होती.

वडील पोलादपुरातच होते. बाई रोज संध्याकाळी त्यांना फोन करत आणि ते एकच विचारत, "काय काय लावलंस आज?" मग बाई सगळं वाचून दाखवत, पाण्यापासून पारडीपर्यंत. पान कोणासाठी आहे हे म्हाताऱ्याला माहीत होतं का? कादरचं नाव त्या घरात घेतलं जात नसे. पण एकदा वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मागल्या दारचा फणस धरलाय औंदा. तो पण लाव." बाईंनी लावलं: 'पोलादपूर येथे एका घरी फणस चांगला धरला आहे.' ही बातमी कोणासाठी, असं मी हसत विचारलं. बाई हसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं. मला गोष्टी कळतात, पण नेहमी हसून झाल्यावर.

यानंतरचा प्रसंग मी सांगितला नसता, पण बाईंना त्याचं पुढे फार हसू येई. मुंबईला माझा मेहुणा फोर्टमध्ये एका ऑफिसात होता. त्याच्यावर छाप पाडावी म्हणून त्याच्या कॉम्प्युटरवर मी मोठ्या ऐटीत आमचं पान उघडलं. त्याचे दोन सहकारीही बोलावले. पान उघडलं. गोळ्यांची जाहिरात स्वच्छ दिसत होती. खाली मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरांवर टोप्या, टिंबं, मधेच पौंडाचं चिन्ह, मधेच खंजीर, अशा ओळीच्या ओळी.

मेहुणा नम्रपणे म्हणाला, "ही तुमच्याकडची बोली का?"

झालं होतं असं की बाई ज्या फॉन्टमध्ये टाईप करत तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर असेल त्याच्यावरच ते मराठी दिसे. महाडातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तो होता, कारण तो बाईंनीच घालून दिलेला होता. आम्ही सगळे एकमेकांना पान दाखवून खूश होतो. साऱ्या जगाला उघडं असलेलं ते पान खरं म्हणजे बाजारपेठ ते एसटी स्टँड एवढ्याच जगात वाचता येत होतं. मस्कतवाल्याला पारडी वाचता आली, कारण तो रजेवर येऊन गेला तेव्हा फॉन्ट घेऊन गेला होता.

परत आल्यावर मी बाईंना सांगितलं. सांगताना मुंबईतला माझा पचका जरा कमी करून सांगितला.

"म्हणजे कुवेत, दम्मामला पण असंच दिसत असंल?"

"बहुतेक."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "मी भावाला टोप्या आणि खंजीर पाठवत्येय."

दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. आखातात निघालेल्या प्रत्येकाच्या सामानात सुके बोंबील, मसाला आणि फॉन्टची एक फ्लॉपी जाऊ लागली. 'ओळखीच्या सगळ्यांना द्या' असं त्या बजावत. ओळखीचे म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्याला कळत असे. टोळ मोहल्ल्यातल्या एका पोराला विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, "साहेब, यात मराठी हाय." त्याला अर्धा तास बसवून ठेवलं होतं म्हणे. शिवाय बाईंनी दुसरा उपाय काढला. मजकूर कागदावर छापायचा, त्या कागदाचं चित्र काढायचं आणि ते चित्र पानावर लावायचं. चित्राला फॉन्ट लागत नाही. फक्त ते उघडायला फार वेळ लागे. वरून खाली, पडदा सोडावा तसं इंच इंच उतरे. पाणी आधी दिसे आणि फणस दिसेपर्यंत चहा होई. पण आता दम्मामला दिसेल, एवढं नक्की.

या साऱ्या खटाटोपात काही वर्षं गेली आणि मग ती मोठी साईट आली. आसिफनं मला तिथं नेलं. आसिफ चांगला मुलगा, त्याचा यात दोष नाही. मीच भुललो. वीस वर्षं संपादकांनी परत केलेल्या कथा मी तिथं तुकड्या-तुकड्यांनी टाकायला लागलो आणि लोक खाली अंगठा उमटवायला लागले. वाचणाऱ्याला तेवढा वेळ मिळालेलाच नसे. मी कथा टाकून पाणी प्यायला उठलो तर परत येईपर्यंत अंगठे. मला वाटलं, इतकी वर्षं माझ्यात आणि वाचकांत संपादकच आडवे पडले होते. एका संध्याकाळी हे बाईंना मोठ्या उत्साहात सांगितलं.

"सर," त्या म्हणाल्या, "तालुक्यातल्या आयाबायांना अंगठ्यावरनं सहीवर आणायला मास्तरांचा जन्म गेला. आणि तुम्ही एमए होऊन परत अंगठ्यावर आलात?"

आसिफनं तिथं महाडकरांसाठी एक गट काढला होता आणि तो जोरात चालला होता. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, पाण्याचे व्हिडिओ. चाचीचं पान आता तिकडेच हलवावं म्हणून तो मागे लागला. एकदा माझ्यासमोरच विषय निघाला.

"चाची, तुझं पान बघायला आता हाय कोण? सगळे तिकडं हायेत. कुडपणचा धोंडीबाचा पोरगा पण तिकडं हाय."

"बघायला काय करावं लागतं तिकडं?"

"काय नाय. नाव टाकायचं, एक फोटो लावायचा, झालं."

"म्हणजे आत जायला आधी तोंड दाखवायचं."

आसिफला रोख कळला. घरातलाच होता तो.

"नावातच तोंड हाय त्या साईटच्या," बाई म्हणाल्या.

"पण तुझी जागा पण कंपनीचीच हाय ना, चाची? गोळ्यांची जाहिरात डोक्यावर घेऊन बसल्येस. उद्या त्यांनी उठ म्हटलं तर?"

"उठेन. दुसरीकडं बसेन. जाहिरात हाय, कबूल हाय. पण दारावर वॉचमन नाय." मग माझ्याकडे वळून, "सर, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो की दोन्ही बाजूंचे काही गुणदोष आहेत. मी वर्गातही असंच सांगतो. बाई टाईप करायला लागल्या.

खरं सांगायचं तर माझं मत आसिफच्या बाजूचं होतं. बाईंच्या पानावर माणसं येत नाहीत, हे मला दिसत होतं. पाणी चढलं की लोक आता आसिफच्या गटात फोटो बघत. मयतही तिथंच कळे. बाई मात्र रोज लावत होत्या. कोणी वाचत नसलेलं रोज लिहिणं म्हणजे काय हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण मी ते अंगठे मिळेपर्यंतच सोसलं होतं.

त्या हिवाळ्यात पोलादपूरला त्यांचे वडील गेले. मी सकाळीच पोहोचलो. ओटीवर पुरुष बसले होते. बाई आतल्या खोलीत होत्या. आसिफनं त्याच्या दुकानातला लॅपटॉप आणून दिला होता आणि त्यावर त्या मयतीची खबर टाईप करत होत्या. गावातल्या सगळ्यांच्या खबरी त्यांनीच लावल्या होत्या, तेव्हा हीही दुसऱ्या कोणी लावायचा प्रश्न नव्हता. डोळे सुजलेले होते, बोटं नेहमीसारखी चालत होती. मला पाहून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "शुद्धलेखन बघा, सर."

अशा खबरीचा साचा ठरलेला असतो, तो मराठीत सगळ्यांना पाठ आहे. अमुक यांचे आज पहाटे निधन झाले. जनाजा दुपारी जोहरच्या नमाजनंतर. आणि शेवटची ओळ. 'त्यांच्या पश्चात एक मुलगा, एक मुलगी, जावई असा परिवार आहे.'

मी 'एक मुलगा'पाशी थांबलो. माझ्या मागे बाईंचे मोठे चाचा येऊन उभे होते. त्यांनीही ते वाचलं.

"हमीदा," ते हळू आवाजात म्हणाले, "भाईनं त्याला टाकला होता. चार माणसांत टाकला होता."

"माहीत हाय, चाचा."

"मग मुलगा कुठला लिहिलास?"

"पश्चात म्हणजे मागं जे राहिलं ते. कादर मेलाय काय?"

"तसं नाय गो. पण मेलेल्या माणसाचा शब्द..."

"शब्द पाळला ना त्यानं. वीस वर्षं पाळला. आता तोंड दाखवायचं कोणाला? ज्यानं नको म्हटलं तो बाहेर झोपलाय."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस काही मार्ग काढेल असं त्यांना वाटलं असावं. मी काढलाही. म्हणालो, नुसतं 'शोकाकुल परिवार' असं लिहिलं तर सगळेच त्यात येतात. मला ती तोड फार चांगली वाटली होती.

"सगळे येतात," बाई म्हणाल्या, "म्हणून तो येणार नाय." मग चाचांकडे बघून म्हणाल्या, "फणस त्यांनीच लावायला सांगितला होता, चाचा. माझ्याकडं फोनवर. तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. फणसाची खबर ते कोणाला देत होते?"

ओटीवरून कोणीतरी चाचांना हाक मारली. जाताना म्हणाले, "लाव."

"पूर्णविराम," बाई म्हणाल्या आणि खरोखरच शेवटी पूर्णविराम टाईप केला. तो राहून गेला होता. शुद्धलेखन बघायला बसलेल्या मला दिसला नव्हता.

ती खबर त्यांनी अक्षरांतही लावली आणि चित्र करूनही लावली. आसिफनं त्याच्या गटात वेगळी टाकली, गुलाबाच्या फुलासह. खाली भराभर अंगठे उमटले. त्यांत माझाही होता. सवयीनं पडला. नंतर लक्षात आलं की बापाच्या मरणाला पसंती दिल्यासारखं दिसतंय. तो काढायचा कसा, हे विचारायला मी आसिफकडे गेलो, तर तो म्हणाला, राहू दे सर, सगळ्यांचेच आहेत.

मयतीची खबर पानावर आठेक दिवस राही. ही तिथंच राहिली, पाण्याच्याही वर. रोज बाकीचं बदले आणि ती तशीच असे. कोणी विचारलं की बाई म्हणत, "राहू दे. कोणाला उशिरा दिसते." कुठून काही उत्तर आलं का, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी जाऊन बसायचो. त्यांनी सांगितलं नाही, त्याअर्थी आलं नसावं असं धरून चाललो होतो. मधूनच त्या यंत्र थांबवून जिन्याकडे बघत. कोणीतरी शिकणारी मुलगी वर येत असे.

उन्हाळ्यात माझी वाईला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो त्या दिवशी इन्स्टिट्यूटला कुलूप होतं. आसिफ म्हणाला, चाची सकाळीच पोलादपूरला गेली, कशाला ते सांगितलं नाही. मला थोडा राग आला. निरोपाचं म्हणून काही बोलायचं मी ठरवून गेलो होतो, चांगलं दोन पानी होतं.

यानंतर आमची भेट झाली नाही. वाईहून मी त्यांचं पान रोज उघडत राहिलो. कधी काही लिहिलं नाही, आलो होतो असंही कळवलं नाही. सावित्री कुठवर आली, आंबेनळी चालू की बंद, ते बघायचं आणि उठायचं. ते पान आता थांबलंय. शेवटचं जे लागलं त्यात कोणाकडे तरी लग्न आहे. पण मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्याच निरोपाच्या दिवशी आणि तेही एसटीच्या खिडकीतून.

दुपारची गाडी होती. महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी चढून महाबळेश्वर आणि पुढे वाई. मांडीवर पुस्तकांची पिशवी घेऊन मी खिडकीशी बसलो होतो. पोलादपूरला गाडी थांबली. उतारू उतरले, चढले. स्टँडच्या पलीकडे, हायवेच्या कडेला मला बाई दिसल्या. त्यांच्यासमोर एक उंच माणूस उभा होता. माझ्याकडे त्याची पाठ होती. केस पिकलेले, पायाशी मोठी बॅग. हायवेच्या धुळीत लोक बांधतात तसा त्यानं तोंडावर रुमाल बांधला होता आणि त्याची गाठ मानेवर मला दिसत होती. हात त्यानं खाली सोडलेले होते. चारचौघांत परक्या पुरुषाशी बाई उभ्यानं बोलतसुद्धा नसत. त्या टाचा उंचावून, दोन्ही हात त्याच्या मानेमागे नेऊन ती गाठ सोडवत होत्या. सुटत नव्हती.

कंडक्टरनं दोरी ओढली. मी म्हणालो, "एक मिनिट थांबा."

"काय राहिलं काय, साहेब?"

"नाही."

"मग?"

गाडी हलली. रुमाल बाईंच्या हातात आला होता. त्या माणसाची मला पाठच दिसत राहिली आणि त्याच्या खांद्यापलीकडे बाई. त्यांनी चष्मा कपाळावर सारला होता आणि मान वर करून त्या बघत होत्या, अजिबात घाई न करता. मग गाडी आंबेनळीच्या रस्त्याला वळली.